पंचावन्न डेसिबल

(दृश्य: पेठेतली अरुंद गल्ली, ढोल-ताशा पथक. मंडपातल्या घड्याळात पावणेदहा.)

अजून पंधरा मिनिटं. ताशेवाले तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, घेतायत, कार्यकर्त्यांची एक नजर घड्याळावर, दुसरी चौकातल्या पोलिसांवर. पण दहाच का? साडेदहा का नाही?

कारण १४ फेब्रुवारी २००० ला केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले आणि रात्र कधी सुरू होते, तेही त्यात लिहून टाकलं. रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेला दहा-दहा जास्त. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

(दृश्य: खिडकी लावून घेणारा म्हातारा हात.)

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. बाहेर ४५ च्या वर गेलं की उघड्या खिडकीशी झोपलेल्या माणसाची झोप मोडू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या सूचनांतही घराबाहेरचे आकडे हेच होते: दिवसा ५५, रात्री ४५.

पण मर्यादा ठरवताना सरकार फक्त कानाचं ऐकत नाही. उत्सवाचंही ऐकतं. २००२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली: वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत लाऊडस्पीकरला मुभा देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही मुभा कायम ठेवली. ते पंधरा दिवस गणपतीला किती, नवरात्राला किती, ही वाटणी आपल्याकडे दरवर्षी होते. झोपेसाठी रांगेत कोणी उभं नसतं.

(दृश्य: ध्वनिमापक यंत्राचा पडदा, मागे स्पीकरची भिंत, म्हणजे आपली 'डॉल्बी'.)

आता खरी मेख. डेसिबलचा हिशोब किराणा दुकानासारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि याच नियमांतला सातवा नियम सांगतो, की आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असेल, तर नागरिक तक्रार करू शकतो. रात्रीची बंधनं मोडली तर ही अट नाही. दिवसा मात्र आहे.

म्हणजे भर दुपारी, तुमच्या गल्लीत, यंत्रावर ६४ दिसले, तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे. तक्रारीला मात्र एक डेसिबल कमी पडतो.