खाऱ्या पाण्यावरचा दिवा

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हा प्लग तुमच्या हातात देतो. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. माझ्याच रीफ टँकच्या, म्हणजे घरात प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, दिव्याचा आहे. पिनांच्या बुडाशी पांढरी कड दिसेल, पितळेवर हिरवट डाग दिसतील. दोन पिनांच्या मधल्या प्लास्टिकवर एक तपकिरी रेघ आहे, ती जळल्याची. हा प्लग कधी पाण्यात पडला नव्हता. टाकीपासून हातभर लांब, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये होता. मीठ त्याच्यापर्यंत चालत गेलं.

चालत गेलं, हे शब्दशः खरं आहे. पृष्ठभागावर बुडबुडे फुटतात, बारीक तुषार उडतात आणि जिथे पडतात तिथे सुकतात. पाणी जातं, मीठ राहतं. काचेवरून किंवा वायरीवरून पाण्याला टेकलेला थर असेल, तर त्याच्या बारीक फटींतून पाणी वर ओढलं जातं आणि कडेला जाऊन सुकतं. म्हणजे मिठाची कड रोज थोडी पुढे सरकते. शिवाय मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. कोरड्या दिवसात निरुपद्रवी दिसणारी तीच पांढरी रेघ दमट हवेत ओली होते आणि तिच्यातून करंट वाहायला लागतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि नळाच्या पाण्यापेक्षा ते वीज साधारण शंभर पटींनी जास्त वाहून नेतं. गोड्या पाण्याच्या टाकीत वर्षानुवर्षं खपून गेलेली सवय इथे खपत नाही.

आजचं माझं सांगणं एवढंच आहे, की या छंदात डोळा दोन ठिकाणी फसवतो. धोका किती आहे ते त्याला दिसत नाही, आणि प्रवाळाला उजेड किती मिळतोय तेही दिसत नाही. दोन्ही गोष्टी मोजून आणि तपासूनच कळतात.

उजेडाचं आधी घेऊ, कारण दिवा निवडताना सगळे तिथूनच सुरुवात करतात. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. काही प्रवाळांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज अशी भागते. म्हणून टाकीवरचा दिवा ही सजावट नाही, ते जेवण आहे. आणि जेवण कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास. उजेड अती झाला की शैवालाच्या पेशीत घातक ऑक्सिजन संयुगं तयार होतात, प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो, आणि पारदर्शक ऊतीखालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. त्यालाच आपण ब्लीचिंग म्हणतो. पाणी जास्त तापल्यानेही हेच होतं.

आता डोळा कसा फसतो ते बघा. रीफच्या एलईडी दिव्यांत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळा रंग मुख्य असतो, कारण झूझँथेलीतलं क्लोरोफिल तो छान शोषतं. आपला डोळा मात्र ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त संवेदनशील आहे. ४५०ला डोळ्याची संवेदनशीलता ५५५च्या मानाने जेमतेम चार टक्के भरते. म्हणजे निळी टाकी आपल्याला मंद, संध्याकाळसारखी वाटते आणि त्याच वेळी खाली प्रवाळ भाजून निघत असतो. उजेड मोजायचा साधा लक्समीटरही डोळ्याच्याच मापाने मोजतो, म्हणून तोही निळ्या उजेडाला कमी लेखतो. मोबाइलच्या अ‍ॅपबद्दल तर बोलायलाच नको.

हे मी ऐकीव सांगत नाही. जुन्या ट्यूब काढून पहिला एलईडी लावला, तेव्हा टाकी अंधारी वाटली म्हणून मी तो पूर्ण तीव्रतेवर ठेवला. सगळ्यात वरच्या दगडावर फिकट जांभळ्या टोकांचा एक फांद्यांचा प्रवाळ, अ‍ॅक्रोपोरा होता. चौथ्या दिवशी त्याची दिव्याकडची बाजू फिकट झाली, आठवड्याच्या आत पांढरी पडली. सावलीतली बाजू तशीच तपकिरी. एकाच फांदीवर सरळ रेघ मारल्यासारखी हद्द होती. पाणी बिघडलं असतं तर ती हद्द पडली नसती, एवढं मला तेव्हाही कळलं.

मोजायचं असतं ते ‘पार’ (PAR), म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात ते. मृदू प्रवाळ आणि मशरूम नावाचे प्रवाळ ५० ते १०० वर खूश असतात. पॉलिप म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतला एकेक जीव. मोठ्या पॉलिपचे बहुतेक प्रवाळ त्याच्या थोडं वर, दीडशेपर्यंत. लहान पॉलिपच्या अ‍ॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० लागतात. भर दुपारी उघड्यावरचा सूर्य दोन हजारांच्या आसपास देतो, तो आकडा टाकीत आणायचा नाही. पारमीटर महाग वाटत असेल तर चार जणांत मिळून एक घ्या किंवा भाड्याने आणा. पण टाकीच्या मध्यावर, कोपऱ्यात आणि तळाशी अशा किमान डझनभर जागा मोजा. एकाच दिव्याखाली मध्यभागी ३०० आणि कोपऱ्यात ८० मिळणं अगदी नेहमीचं आहे. तो नकाशा हातात असला की कुठला प्रवाळ कुठे बसवायचा हे आपोआप ठरतं. आणि कृपा करून ‘लिटरला इतके वॅट’ हा हिशोब सोडा. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. प्रवाळापर्यंत काय पोचतं ते त्यातून कळत नाही.

नवा दिवा लावला की तीस-चाळीस टक्क्यांवर सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, महिना-दीड महिना लागू द्या. रोज आठ ते दहा तास उजेड पुरे. नवा प्रवाळ आधी तळाला ठेवा.

दिव्याचा प्रकार कुठला घ्यावा, हे मला फार विचारतात. मेटल हॅलाइड या जुन्या धाटणीच्या जोरदार दिव्याचा उजेड अजूनही सुंदर असतो, पाण्याच्या लाटांची नक्षी तळावर नाचते. पण तो प्रचंड तापतो, टाकीचं पाणी तापवतो, आणि गरम काचेवर शिंतोडा उडाला तर काच फुटू शकते. दोन्ही टोकांनी बसवायच्या नळीला तर बाहेरचं काचेचं आवरणच नसतं. तिच्या खालची संरक्षक काच हीच अतिनील किरणं अडवते. ती काच तडकली किंवा काढून ठेवली तर दिवा लावू नका, तासभरसुद्धा नको. टी-फाइव्ह, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूबचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून मला त्या आजही आवडतात. पण वर्षभरात त्यांचा जोर उतरतो, आणि आत पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एलईडीच सांगेन, पण रंगांच्या जाहिरातीआधी मागची बाजू बघा. अ‍ॅडॉप्टर वेगळा आहे का? घरचा २३० किंवा ११० व्होल्टचा करंट भिंतीजवळच थांबून पाण्यावर फक्त २४ व्होल्ट डीसी येत असेल, तर तो दिवा मी आधी उचलेन. पंखा असेल तर तो खालची खारट, दमट हवा आत ओढत नाही ना, हेही बघा. आयपी क्रमांक, म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारा आकडा, वाचा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून चालतो. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते. मिठाने रबराच्या पट्ट्या आणि स्क्रू खाल्ल्यावर तो आकडा तसाच राहत नाही.

निळ्या उजेडाचा अजून एक धोका आहे. तो मंद वाटत असल्याने आपण नजर न वळवता बघत राहतो आणि जोरदार निळा उजेड थेट दृष्टिपटलावर पडतो. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यांच्या डोळ्यात तो आणखी जातो. टाकीसमोर खाली बसलेलं मूल मान वर करून सरळ दिव्यात बघतं, म्हणून दिव्याला कडेने झालर किंवा आडोसा लावा. हात घालून काम करायचं असेल तेव्हा दिवा बंदच असू द्या.

आता जोडणी. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. माझ्या त्या प्लगला झोळ नव्हता. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखाली जमिनीवर कधीच नको, बाजूला आणि वर भिंतीवर हवा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी आहे ना, असं लोक म्हणतात. एमसीबी हा करंट फार वाढला की पडणारा स्विच, तो वायर वाचवतो. सोळा अँपिअरचा असेल तर तो त्याच्या वरच पडतो, माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी करंट पुरतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो आणि फरक पडला की तोडतो. पण तुम्ही फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लावला तर त्याला फरक दिसत नाही, एवढी त्याची मर्यादा लक्षात ठेवा. दिव्यांसाठी एक आणि प्रवाहाच्या पंपांसाठी दुसरा, असे दोन वेगळे आरसीसीबी लावा. नाहीतर मध्यरात्री दिव्याच्या दोषाने पंप थांबतील आणि सकाळी मासे मेलेले सापडतील. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं. मी ते पाणी बदलायच्या दिवशी दाबतो आणि त्याच वेळी ओल्या फडक्याने मीठ पुसून घेतो, अर्थातच सगळं बंद करून.

शेवटी एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. दिव्याचा हुक सुटला आणि दिवा पाण्यात पडला. आत मासे आहेत, महिनोन्‌महिने वाढवलेले प्रवाळ आहेत. हात आपोआप पुढे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. टाकीला, स्टँडला, सांडलेल्या पाण्याला हात-पाय न लावता आधी मुख्य स्विचकडे जायचं, तो पाडायचा आणि मगच टाकीकडे वळायचं. मुख्य स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, आजीला आणि शाळेत जाणाऱ्या मुलालाही, आज घरी गेल्यावर दाखवा, आणि अंधारात चाचपडत तिथवर पोचता येतं का हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या.