भाग, पण कशाचा? अपूर्णांक आणि क्षेत्रफळाची शाब्दिक उदाहरणं

(गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

शाब्दिक उदाहरण चुकलं की आपण लगेच म्हणतो, पोराचे पाढे कच्चे आहेत. वही नीट बघा. पुष्कळदा गुणाकार-भागाकार चोख असतो, वाचताना एक प्रश्न विचारायचा राहिलेला असतो. अपूर्णांकाच्या उदाहरणात तो प्रश्न असा: हा भाग कशाचा?

अगदी साधं उदाहरण घेऊ. काथ्याची ६ मीटर दोरी आहे. तिचा एक तृतीयांश भाग कापला, तर उरली किती? ४ मीटर. आता त्याच दोरीतून एक तृतीयांश मीटर कापली. आता उरली ५ पूर्णांक २/३ मीटर. दोन्हीकडे आकडा १/३ हाच. पहिल्यात तो दोरीचा भाग आहे, दुसऱ्यात मीटरचा. अपूर्णांकापुढे एकक लिहिलेलं असेल तर ते माप आहे, थेट वजा करा. एकक नसेल, तर तो कशाचा भाग आहे ते आधी शोधा आणि मग गुणा. मुलांना ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी द्यावीत, एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात असं नको.

आता जरा मोठं उदाहरण. भात कापून झाल्यावर २४०० चौरस मीटर शेताच्या एक तृतीयांश भागात अळसांदे पेरले. उरलेल्या जागेच्या तीन चतुर्थांश भागात मिरची लावली. बाकीच्या जागेत तांबडी भाजी घातली. तांबड्या भाजीला किती जागा मिळाली?

इथे हमखास होणारी चूक म्हणजे १/३ आणि ३/४ यांची बेरीज करून ती एकातून वजा करायला जाणं. बेरीज येते १३/१२, म्हणजे अख्ख्या शेतापेक्षा जास्त! मूल इथे गोंधळतं आणि १३ मधून १२ वजा करून काहीतरी उत्तर लिहून मोकळं होतं. खरं तर उदाहरण इथेच त्याला सांगत असतं की वाट चुकली. ‘भाग शेताबाहेर कसा गेला?’ एवढंच विचारा आणि थांबा. ‘उरलेल्या जागेच्या’ हे शब्द त्याला स्वतःला सापडू द्या.

मग आयत काढायला सांगा. एक आयत म्हणजे अख्खं शेत. तृतीयांशासाठी उभे तीन पट्टे, चतुर्थांशासाठी आडव्या चार ओळी. बारा घरं झाली, प्रत्येक घर २०० चौरस मीटरचं. पहिला उभा पट्टा अळसांद्यांचा, म्हणजे चार घरं. उरली आठ. त्यांच्या वरच्या तीन ओळी मिरचीच्या, म्हणजे सहा घरं. खालच्या ओळीत दोन घरं राहिली, ती तांबडी भाजी: ४०० चौरस मीटर. समच्छेद करायचा तो कशासाठी, हे या बारा घरांत डोळ्यांना दिसतं. २/३ × १/४ = २/१२ हा गुणाकारही त्याच आकृतीत आहे, वेगळा नियम घोकायला नको.

हीच आकृती उलटं उदाहरण सोडवायलाही कामाला येते. तांबडी भाजी ४०० चौरस मीटर आहे, तर शेत केवढं? दोन घरं ४००, एक घर २००, बारा घरं २४००. याउलट ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘मिळून’ दिसलं की बेरीज, अशी खूण शिकवलेली मुलं उलट्या उदाहरणात अडकतात. ‘दोन पंचमांश नारळ विकले, ९० उरले, एकूण किती होते?’ यात ‘उरले’ आहे, पण ९० मधून वजा करण्यासारखं काही नाही. ९० म्हणजे पाचातले तीन भाग, एक भाग ३०, एकूण १५०. खुणेच्या शब्दांची ही पद्धत वर्गातून काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्षेत्रफळात दुसरा खड्डा एककांचा. एका मीटरचे १०० सेंटिमीटर, म्हणून एका चौरस मीटरचे १०० चौरस सेंटिमीटर, असं मुलं धरून चालतात. होतात १०,०००, कारण शंभर दोन्ही बाजूंनी येतो. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. त्याचे हेक्टर करायला दिले तर १००० नं गुणणारी मुलं भेटतात. एका चौरस किलोमीटरचे हेक्टर १००, म्हणजे उत्तर ३,७०,२००. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार चौरस मीटरमध्ये चालतो, तेव्हा घरच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा (जमिनीच्या नोंदीच्या कागदावरचा) आकडा घेऊन हेक्टर करायला लावा. आकडा ओळखीचा असला की शून्य कमी-जास्त झालेलं चटकन खटकतं.

लाद्यांचं उदाहरण तर करूनच बघावं असं आहे. खोली साडेचार मीटर लांब, तीन मीटर रुंद. लादी चौरस, बाजू ३० सेंटिमीटर. एका चौरस मीटरचे १०० चौरस सेंटिमीटर धरणाऱ्याकडे खोली १३५० चौरस सेंटिमीटर होते आणि तिला ९०० नं भागलं की उत्तर येतं दीड लादी. क्षेत्रफळात शिरायच्या आधी बाजू मोजा: ४५० भागिले ३० म्हणजे १५, ३०० भागिले ३० म्हणजे १०, एकूण १५० लाद्या.

आता लादी ४० सेंटिमीटरची घ्या. लांबीत सव्वाअकरा बसतात, रुंदीत साडेसात. क्षेत्रफळानं भागाकार केला तर १,३५,००० भागिले १६०० म्हणजे ८४.३७५. जवळच्या पूर्णांकात ८४ लिहिलं की खोली उघडी राहते, म्हणून इथे वरचा पूर्णांक, ८५. तेवढ्यात खरंच भागतं का? कागदावर मांडून पाहा. अख्ख्या लाद्या ११ × ७ = ७७. एका कडेला पाव रुंदीचे सात तुकडे लागतात, एका लादीतून चार निघतात, म्हणजे दोन लाद्या आणि एक तुकडा शिल्लक. दुसऱ्या कडेला अकरा अर्धे तुकडे, म्हणजे सहा लाद्या. कोपऱ्यातला १० बाय २० चा तुकडा त्या शिल्लक पाव तुकड्यातून निघतो. बरोबर ८५. प्रत्येक कापलेला तुकडा वाया गेला असं धरलं, तर हाच हिशेब १२ × ८ = ९६ वर जातो. प्रत्यक्ष कामात कापताना लादी फुटते, म्हणून लाद्या बसवणारा ८५ वर थोड्या जास्त मागतो. किती जास्त, ते मुलांनी त्यालाच विचारून यावं आणि तो आकडा ८५ चा कितवा भाग आहे ते काढावं.