घोड्याचा आकडा विकत घेताना

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रेसकोर्स सर्कलवरून तुमची रोज ये-जा असते. वरातीतला सोडून तिथे कधी घोडा दिसलाय का? पण याच गावच्या महाराजांनी, प्रतापसिंहरावांनी, १९४५ मध्ये इंग्लंडात एका वर्षाच्या शिंगराला २८,००० गिनी (जुनं इंग्रजी चलन) मोजल्या. तेव्हाचा तो विक्रम होता. शिंगराचं नाव ठेवलं ‘सयाजीराव’, आणि १९४७ मध्ये त्यानं सेंट लेजर ही मोठी शर्यत मारली. इतकी किंमत का चढली? कारण त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता आणि हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. माझा विषय इथूनच निघतो. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीला आपण किती पैसे मोजायचे?

टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकाच गल्ल्यात जातात तिथे, पैसे लावता तेव्हा समोर शर्यती भरवणारा क्लब नसतो. क्लब आपला हिस्सा कापून घेतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटतो. म्हणजे सामना शेजारच्या रांगेतल्या माणसाशी असतो. फेवरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यांत जास्त पैसे लागलेले असतात तो घोडा, साधारण तीनात एकदा येतो, तरी डोळे मिटून फेवरिटवर लावणारा हंगामाच्या शेवटी खिसा चाचपत घरी जातो. घोडा चांगला असतो हो, भाव, म्हणजे जिंकल्यावर रुपयामागे हाती येणारी रक्कम, वाईट असतो.

मी बँकेच्या नोकरीत बारा वर्षं मुंबईत काढली. तेव्हा एका टिप देणाऱ्याची वर्गणी भरली होती. शनिवारी रात्री फोन यायचा: ‘उद्या चौथी रेस, सात नंबर, डोळे झाकून.’ एका रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चहा घेत उभा होतो. ऑफिसातला मित्र भेटला, त्यानंही त्याच माणसाकडे पैसे भरलेले. त्याच्या चिठ्ठीवर त्याच रेसला चार नंबर! धावणारे होते आठ. आता गणित करा: आठ घोडे आठ गटांत वाटून दिले की एका गटाला दर वेळी साक्षात्कार होणारच, आणि पुढच्या महिन्याची वर्गणी तोच गट हसत भरणार. आमचा रविवार चहावरच भागला.

म्हणून माझी पहिली चाळणी अशी: नुसतं नाव सांगतो त्याला पैसे द्यायचे नाहीत. हिशेब उघडा करून दाखवतो त्याचा विचार करायचा.

घोडा किती चांगला धावला हे एका आकड्यात मांडून ते आकडे विकण्याचा धंदा, म्हणजे अशा सेवा, खऱ्या वाढल्या त्या परदेशात. अमेरिकेत डेली रेसिंग फॉर्म हा शर्यतींचा पेपर १८९४ पासून निघतो. इंग्लंडात फिल बुलनी टाइमफॉर्म ही घोड्यांना आकडे देणारी संस्था उभी केली १९४८ मध्ये; त्याच साली आपल्या महाराजांच्या ‘माय बाबू’नं टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. मुलाकडे न्यू जर्सीत होतो तेव्हा मॉनमाउथ पार्कच्या रेसकोर्सला गेलो. बाकावर शेजारी दोन म्हातारे, दोघांच्या हातात वेगवेगळे कागद, आणि एकाच घोड्यावरून भांडण जुंपलेलं. एकाकडे बायर नावाच्या अमेरिकन पत्रकाराचा आकडा होता. तो मोठा तितका घोडा वेगवान. त्या दिवशी ट्रॅक जलद होता की मंद, हे त्यात धरलेलं असतं. पाठीवरचं वजन धरलेलं नसतं. दुसऱ्याकडे रॅगोझिन या दुसऱ्या आकडेवाल्याचे ‘शीट्स’. त्यात आकडा लहान तितका चांगला, आणि वजन, वळणावर घोडा किती बाहेरून धावला, तेही मोजलेलं. दोघांचे कागद आपापल्या जागी खरे होते. तेव्हा आधी विचारायचं ते हेच, की हा आकडा काय मोजतो आणि काय सोडून देतो. हे समजून न घेता दोन सेवांची तुलना म्हणजे किलोची लिटरशी तुलना.

बायरचा आकडा १९९२ मध्ये रेसिंग फॉर्मात रोज छापून यायला लागला. आकडा तोच, पण आता सगळ्यांच्या हातात, आणि ज्या घोड्याचा आकडा मोठा त्याचा भाव तिकिटं फाटायच्या आतच खाली. हाँगकाँगला बिल बेंटर या अमेरिकन माणसानं संगणकावर घोड्यांची गणितं मांडून अफाट पैसा केला. १९९४ मध्ये त्यानं आपली पद्धत छापली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो फक्त स्वतःच्या गणितावर विसंबत नव्हता. लोकांनी लावलेला भावही त्यात मिसळत होता. भावात न उतरलेलं काही आपल्याकडे आहे का, एवढंच तो शोधत होता. सेवा घेताना मी तेच शोधतो.

आता पारख कशी करायची? बहुतेक मंडळी दोन रविवार बघतात. तीन घोडे आले की सेवा देवमाणूस, नाही आले की चोर. अहो, दर शंभरात तीस घोडे आणणारी प्रामाणिक सेवा घ्या. एखाद्या शंभरात तिचे पंचवीस येतील, एखाद्यात पस्तीस, आणि त्यात नवल काही नाही. मग तीस आणणारी आणि चौतीस आणणारी यांतला फरक दोन रविवारांत कसा दिसणार? मी असं करतो: सेवेकडून मागच्या हंगामाचे आकडे मागतो, रेस सुरू होण्याआधी दिलेले, नंतर दुरुस्त केलेले नव्हे. देत नसेल तर नमस्कार. दिले तर वहीत चार रकाने: घोडा, सेवेचा आकडा, टोटचा भाव, निकाल. किती आले यापेक्षा कोणत्या भावाला आले ते बघतो. पैसे न लावता निदान दोनशे रेसा.

आणि वर्गणी किती आणि पैज किती हे लक्षात ठेवा. महिन्याला पंधराशे रुपयांची सेवा घेऊन महिन्यात पाच हजारांचं खेळणाऱ्याला तीस टक्क्यांचा खड्डा आधी बुजवायचा आहे. त्यात आपल्याकडे पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी. तो होता २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. टोटची कपात वेगळीच. एवढा डोंगर चढून जाणारा आकडा कुणी विकत असेल, तर तो विकतोय कशाला, स्वतःच का नाही लावत, असं मला वाटतं. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली ते मला मान्य आहे. पण कौशल्याला एवढा कर पेलत नाही. मी आता बुद्धिबळाचे जुने डाव सोडवावेत तसं कागदावरच खेळतो.

वही आणली आहे. पुण्याचा एक अख्खा हंगाम आहे तिच्यात, दोन रविवार सोडून. तेव्हा नातीचं बारसं होतं. चहाच्या वेळी ज्यांना बघायची त्यांनी बघा, फक्त चिवड्याचे हात पुसून.