स्क्रीनची पाठ

(नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर काचा बंद केलेली गाडी)

मे महिना, दुपारचे दोन. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा. बंद काचेआड काळा डॅशबोर्ड ऊन पीत राहतो, तिथे सत्तरी सहज ओलांडली जाते.

(थर्मल कॅमेरा)

हा पांढरा, म्हणजे तापलेला चौकोन ही डॅशबोर्डमधली गाण्यांची, नकाशाची टचस्क्रीन. गाडी अजून सुरूही केलेली नाही.

(चावी फिरते, स्क्रीन उजळते)

उन्हात चित्र दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण चढतो. म्हणजे पॅनल आधीच तापलेलं, त्यात मागचे एलईडी पुऱ्या जोरावर. थोड्या वेळाने चित्र मंद होतं. दुकानात याला ‘डिस्प्ले गेला’ म्हणतात. बहुतेकदा गेलेला नसतो, जीव वाचवायला उजेड कमी केलेला असतो.

(ट्रिम, म्हणजे स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट निघते)

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली आहे. ट्रिमला प्लास्टिकचीच पट्टी लावायची. स्क्रूड्रायव्हर घातला की क्लिपा तुटल्या. चार स्क्रू, युनिट बाहेर.

ही दातेरी ॲल्युमिनियमची पाठ म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी हीट सिंक. तिला चिकटलेली आयसी, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप, चारही स्पीकर चालवते. क्लास-एबी जातीची असेल तर रोजच्या आवाजात घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णतेतच जाते. ऊन समोरून, ही मागून.

आणि आता हे बघा. उरलेली वायर टेपमध्ये गुंडाळून कुठे कोंबली आहे? थेट हीट सिंकवर. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्क्रीनमागे हे वारंवार सापडतं. दोष उन्हाच्या माथी, घुसमट फिटरने केलेली.

(हातांचा क्लोजअप)

वायरचा गुंडाळा ग्लोव्हबॉक्समागे न्यायचा, झिप टायने बांधायचा. हीट सिंकमागे दोन बोटं जागा मोकळी. पंखा असेल तर मऊ ब्रशने धूळ झाडायची. आयसीवरची, तिची उष्णता हीट सिंककडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवी लावायची, पातळ थर. जाड थापली तर उष्णता अडते. स्क्रू दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळायचे, नाहीतर आयसी तिरकी बसते.

(पिवळी पडलेली स्क्रीन)

हे टाळलं तर टच भलतीकडे लागतो, काचेखालचा गोंद पिवळा पडतो, पॅनल बदलावं लागतं.

(काचा खाली उतरतात)

निघताना दोन मिनिटं गरम हवा बाहेर, स्क्रीन बंद, मग एसी. उभी करताना पुढच्या काचेला सनशेड, चंदेरी बाजू बाहेर.