गाडी शांत झाली की टॅपेट मोजा

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हा व्हॉल्व्ह तुमच्याकडे देतो, हातोहात फिरू द्या. सायलेन्सरकडचा, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहे. त्याच्या तबकडीच्या कडेवरून अंगठा फिरवा. एका जागी कड खाल्ल्यासारखी लागेल, उंदराने भाकरी कुरतडावी तशी. ती जागा जळालेली आहे. हा माझ्याच गाडीतला व्हॉल्व्ह. तो जळत होता त्या महिन्यांत माझी गाडी इतकी शांत चालायची की मी मित्रांना थांबवून ऐकवायचो, बघा, टॅपेटचा आवाज तरी येतोय का?

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणारा भाग. त्याचा आवाज येत नव्हता, कारण आवाज करायला त्याच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये गॅपच उरला नव्हता. सकाळी गाडी चालू व्हायला दोनाच्या जागी सात-आठ किका लागू लागल्या. मी कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला, पॉइंट घासले. टॅपेटकडे बघायचं सुचलंच नाही, कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की टॅपेट बिघडलं तर ते वाजतं. आज मला तुमच्या मनातून हीच समजूत काढायची आहे. सैल टॅपेट वाजतं, टाइट टॅपेट गप्प बसतं. आणि या दोघांत इंजिन खातं ते गप्प बसणारं.

हे का होतं ते समजून घेऊ. तापलं की पोलाद वाढतं. शंभर मिलीमीटरचा पोलादी दांडा १०० अंशांनी तापला तर साधारण ०.१२ मिलीमीटरने लांबतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. त्याच्याबरोबर हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह बसवलेला भाग, तोही वाढतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही, पण व्हॉल्व्हच्या दांडीला लांबायला थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते. ती जागा म्हणजे टॅपेटचा गॅप. गॅप संपला की रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी छोटी तरफ, व्हॉल्व्हला कायम किंचित दाबून धरतो आणि तबकडी सीटवर, म्हणजे हेडमधल्या तिच्या बैठकीवर, पूर्ण टेकत नाही. आता एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता कुठून बाहेर जाते? सीटवर टेकतो त्या क्षणी, सीटमधून हेडमध्ये. तो टेकलाच नाही तर थंड होत नाही, शिवाय त्या फटीतून पेटलेला गॅस झोताने निसटत राहतो. सहा हजार आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. तुमच्या हातातला व्हॉल्व्ह त्यानेच कुरतडला गेला.

वापराने गॅप दोन्ही बाजूंना सरकतो. रॉकर आणि त्याला हलवणारा कॅम झिजले तर वाढतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत गेला तर कमी होतो. फार जुन्या गाड्यांना हा रुतण्याचा धोका जास्त, कारण त्यांच्या सीट शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातल्या. जळलेल्या शिशाचा थर सीट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये राहून झीज थोपवायचा. ते पेट्रोल गेलं, सीट मात्र त्याच राहिल्या.

गॅप किती ठेवायचा ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. १९६९ च्या होंडा सीबी७५० ला इनलेट, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.०८ मिलीमीटर लागतो, तर १९८० च्या दशकातल्या एअर-कूल्ड बीएमडब्ल्यू बॉक्सरला ०.१० आणि ०.२०. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पात्या, लावतच नाहीत. पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारा दांडा, दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये, एवढंच बघतात. आणि हे सगळं इंजिन पूर्ण थंड असताना. दुपारी फिरून आलात आणि तासाभराने उघडलंत, तर ते थंड नव्हे. रात्रभर उभी ठेवा, सकाळी काम करा.

कव्हर उघडण्याआधी टाकी काढून हेडचा वरचा भाग ब्रश आणि फडक्याने पुसून काढा. कडेला साचलेली माती कव्हर उचलताच आत पडते आणि थेट कॅमवर जाते. प्लगच्या खड्ड्यात हवा मारा आणि मगच प्लग काढा. प्लग काढला की कॉम्प्रेशन राहत नाही, इंजिन हाताने हलकं फिरतं. कव्हर चिकटलेलं असेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीने कडेकडेने ठोका. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे उठलेला एक ओरखडा पुढे कायम ऑइल झिरपवत राहतो. ज्या इंजिनात कॅम चेन वरून दिसते तिथे चेनच्या विहिरीत एक फडकं कोंबा, आणि ते परत काढायचं लक्षात राहावं म्हणून त्याचं टोक बाहेर ठेवा.

आता टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोहोचतो ती जागा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. फ्लायव्हीलवरची टी अक्षराची खूण केसिंगवरच्या खुणेसमोर आणायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून ती खूण दोनदा समोर येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद. एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. या दुसऱ्या वेळी सेट केलंत तर सगळं चुकलं. म्हणून खुणेआधी इनलेटच्या रॉकरवर नजर ठेवा. क्रँक गाडी चालते त्याच दिशेने फिरवा. इनलेट खाली दबला, वर आला, की त्यानंतर येणारी टी ही आपली. दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा, दोन्हींत किंचित खेळ जाणवला पाहिजे. खूण थोडी पुढे गेली म्हणून उलटं फिरवू नका, काही इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर त्याने बिघडतो. आणखी दोन फेरे पुढे फिरवा.

आता पाती. फीलर गेजच्या पातीला ऑइलचा बारीक हात लावा आणि रॉकर नि व्हॉल्व्हच्या दांडीच्या मध्ये सरळ रेषेत सरकवा, तिरकी नको. कशी लागायला हवी? जाड वहीखाली दबलेला कागद ओढून काढताना बोटांना जी ओढ लागते, तशी. खळकन गेली तर सैल, जोर लावावा लागला तर टाइट. मन साशंक असेल तर एक माप मोठी पाती घालून बघा. ०.०८ ची अडखळत जाते आणि ०.१० ची जात नाही, म्हणजे बरोबर. एक धोका मात्र लक्षात असू द्या. रॉकरच्या टोकाला झिजून खड्डा पडला असेल तर पाती त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी राहते. पाती सांगते ०.०८, खरा गॅप असतो त्याहून मोठा. अशा रॉकरला पाती घालून उपयोग नाही, तो बदलावा लागतो.

गॅप चुकला असेल तर लॉक नट सैल करून स्क्रू फिरवायचा. पण किती? या स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण मिलीमीटर. ०.०५ चा फरक करायला घड्याळाचा मिनिटकाटा चार ते सहा मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढंच फिरवणं पुरतं. आणि नट आवळताना स्क्रूही त्याच्याबरोबर किंचित वळतो. म्हणून एका हाताने स्क्रू धरून दुसऱ्या हाताने नट आवळा, आवळल्यावर पाती पुन्हा घाला, मग क्रँक दोन फेरे फिरवून तिसऱ्यांदा मोजा. मी हे तीन-तीन, चार-चार वेळा करतो. घाई करून आवळलेल्या नटामुळेच पहिल्या प्रयत्नात गॅप हमखास चुकतो.

ज्या इंजिनात स्क्रू नसून शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या, असतात, तिथे आधी सगळे गॅप लिहून काढायचे, जुन्या शिमची जाडी मोजायची आणि वजाबाकी करून नवी मागवायची. काम वेळखाऊ आहे, अवघड नाही.

कव्हर बसवताना गॅस्केट बोटांनी दाबून बघा. जुनं रबर लाकडासारखं कडक होतं आणि मग कितीही आवळा, ऑइल येतच राहतं. आवळून ते थांबत नाही, उलट ॲल्युमिनियममधले आटे जातात. सहा मिलीमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, तेही समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घेत. कॅमच्या टोकाला अर्धचंद्राचं रबर असेल तर सीलंटचा ठिपका फक्त त्याच्या कोपऱ्यांत. सगळ्या कडेला थापलंत तर जास्तीचं सीलंट आत तुटून पडतं आणि ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतं.

शेवटी वही. प्रत्येक वेळी मोजलेला गॅप, सेट करण्याआधीचा, किलोमीटरसह लिहा. माझ्या वहीत एक्झॉस्टचे मागचे आकडे ०.१०, ०.०९, ०.०७ असे आहेत, आणि दर वेळी मी तो ०.१० वर आणून ठेवला होता. कानाला काहीच फरक जाणवला नव्हता. वहीत दिसला, म्हणून या वेळी पुढची तपासणी निम्म्या किलोमीटरवर घेतली आहे.

आता दोघं-दोघं पुढे या. या स्टँडवरच्या हेडमध्ये चार व्हॉल्व्ह आहेत, त्यांतला एक मी मुद्दाम टाइट करून ठेवलाय. कोणता ते सांगणार नाही. पाती घ्या, बोटांना शोधू द्या.