नमस्कार, मुखवटेबाई

(दृश्य: पहाट. सान मार्कोचा चौक. दिवे अजून विझलेले नाहीत.)

फेब्रुवारीतलं व्हेनिस, कार्निव्हलचे, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाचे दिवस. सकाळचे साडेसहा. खाडीवरचं धुकं चौकात शिरलंय आणि घंटाघर अर्ध्यावरच संपल्यासारखं दिसतंय. इथली माणसं या धुक्याला ‘काईगो’ म्हणतात. गर्दी व्हायला अजून अवकाश आहे. ओल्या फरशीवर कुणाच्या तरी रेशमी घोळाची सळसळ ऐकू येते, आणि मग धुक्यातून एक पांढरा, निश्चल चेहरा बाहेर येतो. त्याच्यामागे दुसरा, सोनेरी. ही माणसं बोलत नाहीत. कॅमेरा दिसला की थांबतात, मान किंचित कलती करतात आणि पुढे निघतात. यातले कितीतरी जण फ्रान्स-जर्मनीहून येतात. हे पोशाख त्यांनी घरी बसून, महिनोन् महिने खपून शिवलेले असतात. या मेहनतीपुढे मी खरोखर नमतो.

पण मी इथे आलो तो एका साध्या मुखवट्यासाठी. त्यावर ना पिसं, ना सोनं. त्याचं नाव बाउटा.

(दृश्य: अरुंद गल्ली, वर वाळत घातलेले कपडे.)

बाउटा समजून घ्यायचा तर आधी या गल्ल्यांतून चालायला हवं. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात लांबवला तर हाताला हात लागेल, इतक्या त्या चिंचोळ्या. कोण कधी घराबाहेर पडलं, कुणाकडे गेलं, हे सगळ्यांना ठाऊक. चाळीत वाढलेल्याला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

त्यात हे शहर घराण्यांचं. 1296 मध्ये इथल्या सिनेटने ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आदल्या दिवशी, म्हणजे कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. पुढच्याच वर्षी, 1297 मध्ये, राज्य चालवणाऱ्या महापरिषदेचे दरवाजे मोजक्या घराण्यांपलीकडच्या लोकांना जवळजवळ बंद झाले. तुम्ही कोणाच्या पोटी जन्मलात, यावर तुमची जागा ठरू लागली. ही दोन सालं शेजारी ठेवली की मला कार्निव्हल वेगळाच दिसतो. जिथे चेहरा पाहताच माणसाचं कूळ कळतं, तिथे चेहरा झाकायला मिळणं ही केवढी मोकळीक!

(दृश्य: बाउटा, जवळून.)

आता हा मुखवटा नीट पाहा. वर तीन कोनांची काळी टोपी, डोकं-खांदे झाकणारं काळं रेशीम, अंगभर काळा झगा आणि मध्ये हा पांढरा चेहरा. त्याला म्हणतात लार्वा. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ भूत. त्याला तोंडच नाही. नाकाखालून तो घराच्या वळचणीसारखा पुढे आलेला आहे. त्या वळचणीखालून पेला ओठांना लागतो, घास आत जातो, मुखवटा काढावा लागत नाही. शिवाय आवाज आतल्या आत घुमून बदलतो. चेहरा गेला, कपडे गेले, आवाजही गेला. उरला फक्त माणूस.

अठराव्या शतकात वर्षातले जवळजवळ सहा महिने मुखवटा घालायची मुभा होती. बाउट्यात बाई असो वा बुवा, सरदार असो वा त्याचा नोकर, रस्त्यात भेटल्यावर अभिवादन एकच: ‘सियोरा मास्करा’. म्हणजे, मुखवटेबाई.

1638 मध्ये सान मोइझे भागात सरकारने जुगारघर उघडलं, रिदोत्तो. तिथे खेळायला येणाऱ्याला मुखवटा सक्तीचा होता. पत्ते वाटायला बसत ते पैशाने खचलेले सरदार, आणि त्यांचे चेहरे मात्र उघडे. तो दिवाणखाना मी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो. ज्याच्याकडे कुळाखेरीज काहीच उरलेलं नाही, तोच तेवढा ओळखू येतोय. 1774 मध्ये रिदोत्तो बंद झालं.

एक मुखवटा मात्र मला बघवला नाही. मोरेत्ता. काळ्या मखमलीचा, वाटोळा, बायकांचा. त्याला दोरी नसते. आतल्या बाजूला बटण असतं, ते दातांत धरायचं. म्हणजे तो चेहऱ्यावर असेतो बाईने बोलायचंच नाही. याला नखरा म्हणून नावाजणारे पुष्कळ आहेत. मला त्यात ती मिटलेली तोंडंच दिसतात.

(दृश्य: मिठाईचं दुकान.)

थोडं खाऊन घेऊ. मनुका घातलेले हे गोल तळीव ‘फ्रितोले’, आणि पिठीसाखर भुरभुरलेल्या या पातळ, कुरकुरीत पट्ट्या ‘गालानी’. आपल्या चिरोट्यांची आठवण यावी अशा. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आत तूप-अंडी संपवायची, म्हणून हे तळण. याच दिवसांत गोव्यात इंत्रूज, म्हणजे तिथला कार्निव्हल, रंगात आलेला असतो. पंचांग दोघांचं एकच.

(दृश्य: कारखाना. कागद, सरस, साचे.)

1797 मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक कोसळलं आणि मुखवट्यांवर बंदी आली. मोठा कार्निव्हल पुन्हा भरू लागला तो 1979-80 च्या सुमारास, आणि त्याच्याबरोबर हे कारखानेही उभे राहिले. ही कला नवी नव्हे; 1436 मध्ये इथल्या मुखवटेकारांना स्वतःची नियमावली मिळाली होती. आज चौकाच्या कडेला प्लास्टिकचे मुखवटे दोन-चार युरोंत मिळतात. जुन्या शहरात पन्नास हजार माणसंही राहत नाहीत, आणि हाताने मुखवटे घडवणारे त्यातले मूठभर.

इथल्या बाई ओल्या कागदाचे तुकडे सरसात बुडवून साच्यात आतून दाबतात. एकावर एक थर. अंगठा नाकाच्या खळग्यात फिरतो, पुन्हा फिरतो. वाळल्यावर साच्यातून चेहरा सुटतो, डोळे कापले जातात, पांढरा लेप चढतो, घासकाम सुरू होतं.

मी बाउट्याकडे टक लावून पाहतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो उचलला, माझ्या तोंडावर धरला आणि मागे फीत बांधली. आत कागदाचा आणि सरसाचा वास. मी ‘ग्रात्सिए’ म्हणालो. आवाज माझा नव्हता. खोल, जाड, कुणा दुसऱ्याचाच.

बाईंनी हात फडक्याला पुसले, मान लववली आणि म्हणाल्या, “बोनजोर्नो, सियोरा मास्करा.”