एकाच फाटकातून

नमस्कार श्रोतेहो.

१० सप्टेंबर १९६६. वार शनिवार. डब्लिनजवळच्या डन लेअरी गावात पत्रकारांच्या संघटनेचा कार्यक्रम होता. आयर्लंडचे शिक्षणमंत्री डोनो ओमॅली बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षापासून माध्यमिक शिक्षण मोफत! अर्थखात्याला विचारलेलंसुद्धा नव्हतं. तिथल्या सचिवांनी पंतप्रधानांकडे निषेधाचं पत्र धाडलं, पण तोवर बातमी घरोघरी पोचली होती. दरवर्षी सुमारे १७,००० मुलांचं शिक्षण प्राथमिक शाळेतच संपतं, हा देशाच्या सदसद्विवेकावरचा काळा डाग आहे, असं ओमॅली त्या दिवशी म्हणाले. मार्च १९६८ मध्ये ते गेले. वय अवघं ४७. पण १९६७च्या सप्टेंबरात मुलं शाळेत निघाली होती, आणि लांबच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना न्यायला सरकारी बस येऊ लागली होती. मला ही बस फीमाफीइतकीच मोलाची वाटते. फी माफ झाली तरी पावसातली मैलोन्‌मैल पायपीट कुठं माफ होते?

आता पुढची अडचण बघा. मुलं शाळेत आली, पण कोणत्या? बऱ्याच गावांत शाळांची दारंच वेगवेगळी होती. मुलींचं कॉन्व्हेंट नन चालवायच्या, मुलग्यांची शाळा ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाची. आणि तिसरी ‘टेक’, म्हणजे १९३०च्या कायद्यानं आलेली व्यवसायशिक्षणाची शाळा. तिथं सुतारकाम, धातुकाम, टायपिंग, स्वयंपाक शिकवत. पण लीव्हिंग सर्टिफिकेट, म्हणजे कॉलेजचा रस्ता उघडणारी परीक्षा, साठच्या दशकापर्यंत टेकच्या मुलांना देताच येत नसे. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं पुढचं आयुष्य असं कोणत्या दारातून आत शिरलं त्यावर ठरायचं.

हे मोडायला आधी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, म्हणजे दोन्ही प्रकारचं शिक्षण एकत्र देणाऱ्या शाळा निघाल्या, पण मोजक्याच. मग १९७० साली शिक्षणखात्यानं ‘कम्युनिटी स्कूल’ची कल्पना मांडली. गावातल्या धार्मिक शाळा आणि टेक यांनी मिळून एकच शाळा करायची. पुस्तकी आणि हाताचं शिक्षण एका छपराखाली, मुलंमुली शेजारीशेजारी, आणि वर्ग सुटल्यावर तीच इमारत गावासाठी खुली. बांधकामाला जागतिक बँकेचं कर्ज मिळालं.

पहिल्या दोन शाळा १९७२ साली डब्लिनच्या वेशीवर उघडल्या, एक टॅलामध्ये आणि दुसरी ब्लँचर्ड्सटाउनच्या कूलमाइनमध्ये. टॅला तेव्हा डोंगरपायथ्याचं खेडं होतं, पण राजधानीची वाढती वस्ती तिथं हलवायची असा आराखडा झाला होता. आणि ब्लँचर्ड्सटाउन आपल्याला परकं नाही बरं का! मालवण तालुक्यातल्या वराडहून परदेशी गेलेल्या डॉ. अशोक वराडकरांनी तिथंच दवाखाना थाटला. त्यांचे चिरंजीव लिओ पुढं आयर्लंडचे पंतप्रधान झाले. लिओंची प्राथमिक शाळा त्याच भागातली, माध्यमिक मात्र दुसरीकडची.

नव्या वस्तीत नवी शाळा काढणं त्या मानानं सोपं. खरी कसोटी लागली जुन्या गावांत. वेक्सफर्ड परगण्यातल्या गोरी गावी १९८० साली लोरेटो कॉन्व्हेंट, ब्रदर्सची शाळा आणि टेक अशा तिघींची मिळून एक कम्युनिटी स्कूल झाली. आज ती देशातल्या मोठ्या शाळांत गणली जाते. ज्या ननांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवली, त्यांनी नावाची पाटी उतरवणं ही साधी गोष्ट नव्हे. टेकच्या शिक्षकांनाही धास्ती होती की आपली शाळा चर्चच्या ताब्यात जाणार. धर्मसंस्थांच्या शिक्षकांसाठी जागा राखायच्या का, यावर वाद पेटला. पहिल्या शाळा सुरू होऊन वर्षं उलटली तरी विश्वस्तपत्राचा, म्हणजे शाळेचा कारभार कुणी कसा चालवायचा त्या कराराचा मसुदा ठरेना. शेवटी कारभारी मंडळात धर्मसंस्था, टेक चालवणारी स्थानिक व्यवसायशिक्षण समिती, पालक आणि शिक्षक असे सगळे बसले. पालकांना हक्काची खुर्ची मिळाली, ही मला त्यातली सर्वांत मोठी कमाई वाटते.

अशा शाळेतलं सुतारकामाचं एक टेबल डोळ्यांपुढं आणा. जाड लाकडाचं, कडेला शिकंजा, फळीवर रंध्याची साल पडलेली. सकाळी तिथं एक मुलगी दोन फळ्यांचा सांधा बसवतेय. पूर्वी ती कॉन्व्हेंटात गेली असती, तर हातात रंधा आलाच नसता. पुढच्या तासाला ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाईल, आणि तिच्या बाकावर तो मुलगा असेल ज्याला पूर्वी टेकमध्ये धाडलं असतं.

संध्याकाळी सात वाजता त्याच इमारतीत पुन्हा दिवे लागतात. प्रौढांचे वर्ग भरतात. कामावरून परस्पर आलेला माणूस ओला कोट खुंटीला अडकवतो आणि सकाळी ती मुलगी बसली होती त्याच बाकावर वही उघडतो. १९६६ साली तोही त्या १७,००० मुलांतलाच एक असू शकेल.